जुना डिजिटल कॅमेरा वर्षानुवर्षे कसा चालवायचा

माझ्याकडे निकॉनचा डी-९० आहे. २००८ साली बाजारात आलेला, १२.३ मेगापिक्सेलचा. आमच्या खानदेशातल्या अमळनेरात ओळखीचं कोणी भेटलं की गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणतं, "ताई, आते तरी नवा लई ल्या." म्हणणारे मायेनंच म्हणतात. पण बारसं, डोहाळजेवण, कानबाई या देवीचा सण, वैशाखातला सखाराम महाराजांचा रथ, हिवाळ्यातलं शेतावरचं भरीत, हे सगळं मी याच कॅमेऱ्यावर टिपते आणि पुढेही टिपणार आहे. तुमच्या कपाटात असा एखादा कॅमेरा पडून असेल, तर नवा हप्त्यावर घेण्याआधी हे करून बघा. बटणं आणि आकडे माझ्या कॅमेऱ्याचे आहेत, पण त्या काळातल्या बहुतेक डीएसएलआरना (लेन्स बदलता येणाऱ्या, आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांना) यातलं बरंच लागू पडेल.

सगळ्यात आधी गेल्या वर्षभरातले फसलेले फोटो उघडा. चांगले नाही, फसलेलेच. प्रत्येकासमोर कारण लिहा: हात हलला, फोकस भलतीकडे गेला, ऊन डोक्यावर होतं, मी लांब उभी होते, मागे डिश अँटेना आला. मग बघा, यातलं कोणतं कारण नव्या कॅमेऱ्यानं खरंच गेलं असतं. ज्याला हा हिशेब करायचा कंटाळा येतो, तो नवा कॅमेरा घेऊनही तेच फोटो काढतो, हे माझं ठाम मत आहे.

मेगापिक्सेलची भीती एका भागाकारानं जाते. या कॅमेऱ्याचा फोटो ४२८८ बाय २८४८ पिक्सेलचा. १२ बाय ८ इंची प्रिंट ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, काढायला ३६०० बाय २४०० पुरतात. अल्बमचं १८ इंच रुंद पान भरायचं झालं तरी इंचाला साधारण २३८ पिक्सेल मिळतात, आणि अल्बम मांडीवर ठेवून बघणाऱ्याला ते भरपूर आहेत. अट एकच, फ्रेम घेतानाच नीट घ्या. नंतर अर्धा फोटो कापून टाकायची चैन इथे नाही.

जुना कॅमेरा खरा अडतो तो अंधारात. डी-९०चा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, २०० ते ३२००. आकडा वाढवला की फोटोत दाणे येतात, म्हणून मी १६००च्या वर जात नाही. ऑटो आयएसओला कमाल मर्यादा १६०० आणि किमान शटर १/१२५ सेकंद अशी एकदा लावून ठेवा, दिवसभराच्या घरगुती कार्यक्रमात पुन्हा बघावं लागत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर ते बॉडीवर, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यावर, न करता ५० मिमी एफ/१.८ लेन्सवर करा. एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो. या कॅमेऱ्याच्या बॉडीत फोकसची मोटर आहे, त्यामुळे जुनी, स्वस्त 'डी' जातीची लेन्ससुद्धा यावर आपोआप फोकस करते. डी-३००० किंवा डी-५०००मध्ये ती मोटर नाही, तिथे हाच फोकस हातानं करावा लागतो. उलट निकॉनच्या नव्या 'एएफ-पी' लेन्स डी-९०वर फोकस करत नाहीत, तेव्हा दुकानात लेन्सवरची अक्षरं वाचल्याशिवाय पाकीट काढू नका.

कानबाईचं उदाहरण घेते, कारण या कॅमेऱ्याची त्याहून कठीण परीक्षा आमच्याकडे नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. चौरंगावर नारळाची कानबाई, तिला डोळे, नथ, हार, बाजूला केळीचे खांब, पुढे समया. खोली बायकांनी गच्च भरलेली, वर एखादी ट्यूब. अशा वेळी मी ट्यूब बंद करायला सांगते. यजमानीण हसते, पण करते. आयएसओ १६००, भिंग एफ/२ला, शटर १/६०, कोपर पोटाशी घट्ट. फोकसचे ११ बिंदू असले तरी त्यातला फक्त मधला क्रॉस प्रकारचा (उभ्या-आडव्या दोन्ही कडा पकडणारा) आहे आणि अंधारात तोच भरवशाचा. तो बिंदू नथीवर ठेवायचा, कारण तिथे सोन्याचा कड चमकतो आणि कॅमेऱ्याला पकडायला काहीतरी मिळतं. बटण अर्धं दाबून फोकस धरायचा, मग फ्रेम जुळवून पूर्ण दाबायचं. समईचा पिवळेपणा नंतर सगळा पुसू नका. थोडा कमी करा, पण तो जायला नको, तो त्या रात्रीचाच रंग आहे. ट्यूब बंद करता येत नसेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. शटर त्या ठेक्याशी जुळलं की एक फोटो हिरवट आणि पुढचा तांबूस असं होत नाही.

रथाच्या रात्री मात्र ऑटोवर विसंबू नका. रोषणाई आणि काळं आभाळ यांच्यामध्ये कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सारखा डगमगतो. मॅन्युअलवर जा, दोन-तीन फोटो काढून दिवे पांढरेफटक होणार नाहीत एवढं बसवा आणि रथ हलेपर्यंत आकडे बदलू नका.

फ्लॅश छतावर मारून उजेड पसरवा, असं सगळीकडे शिकवतात. स्लॅबच्या घरात ठीक आहे. पण आपल्याकडची जुनी घरं धाब्याची. वर काळपट सागाचे सर (तुळया) आणि फळ्या, तो उजेड गिळून टाकतात, आणि जो परत येतो तो तपकिरी होऊन येतो. अशा घरात फ्लॅशचं तोंड मागच्या किंवा बाजूच्या चुना मारलेल्या भिंतीकडे करा. भिंतीला निळा रंग असेल तर बाळाचं तोंड निळं दिसेल, तेव्हा एखादी पांढरी चादर कोणालातरी धरायला लावा.

दुपारचं ऊन ही दुसरी गोष्ट. पांढरी टोपी, पांढरं धोतर, मागे गडद केळीची बाग अशी फ्रेम दिसली की हा मीटर बागेकडे बघून उजेड वाढवतो आणि टोपीच्या घड्या उडून जातात. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्यानं ठरवलेल्या उजेडात आपण करायची कमी-जास्त, -०.७ करा. पण वेचणीला आलेल्या कपाशीनं सगळी फ्रेम भरली असेल तर उलट +०.७ किंवा +१, नाहीतर कापूस राखाडी येतो. प्लेबॅक मेन्यूत 'डिस्प्ले मोड'मध्ये जाऊन हायलाइट्स चालू करा, जळालेली, म्हणजे पांढरीफटक झालेली जागा मागच्या पडद्यावर लुकलुकते. पडद्याच्या उजळपणावर भरवसा ठेवू नका, मे महिन्यात त्यावर काहीच खरं दिसत नाही.

फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये घ्या. कॅमेरा जुना राहिला तरी रॉ उघडणारी सॉफ्टवेअर फार पुढे गेली आहेत. डार्कटेबल आणि रॉथेरपी तर फुकट मिळतात. आयएसओ १६००चे दाणे आज ज्या सफाईनं काढता येतात, तसे २००८ साली येत नव्हते. जुन्या हार्डडिस्कवरचे तेव्हाचे रॉ पुन्हा उघडून बघा.

आता निगा. सेटअप मेन्यूत 'बॅटरी इन्फो' आहे. तिथे बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं. ० म्हणजे नवी, ४ म्हणजे बदला. कॅमेरा मध्येच बंद पडतो म्हणून बॉडीला दोष देण्याआधी हा आकडा बघा. तारीख-वेळ सारखी पुसली जात असेल तरी घाबरू नका. घड्याळाची आतली छोटी बॅटरी मुख्य बॅटरीवरून चार्ज होते, त्यामुळे भरलेली बॅटरी दोन दिवस आत राहू द्या. कॅमेरा पत्र्याच्या खोलीत माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवू नका. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. त्या उष्णतेनं बॅटरी लवकर म्हातारी होते आणि पकडीचं रबर फुगून सुटतं. रबर सुटलंच तर जुना चिकटा पुसून चांगल्या दुहेरी टेपनं बसवा, ते काम घरी होतं.

उन्हाळ्यात शत्रू धूळ, पावसाळ्यात बुरशी. जिनिंगच्या आवारात किंवा भरिताच्या जाळाशेजारी, जिथे कपाशीच्या काड्यांची राख उडते, तिथे लेन्स बदलू नका. बदलावीच लागली तर कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून, वाऱ्याकडे पाठ करून बदला. जून ते सप्टेंबर कॅमेरा चामडी पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांसोबत ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. त्यासाठी स्वयंपाकाचा तवा किंवा कढई घेऊ नका, जुनं भांडं वेगळं काढून ठेवा.

कार्ड एसडीएचसी, ३२ जीबीपर्यंतचं घ्या. आजची मोठी एसडीएक्ससी कार्डं या पिढीसाठी नाहीत. फॉरमॅट संगणकावर न करता कॅमेऱ्यातच करा.

व्हिडिओचं सोडून द्या. व्हिडिओ घेणारा हा पहिला डीएसएलआर होता खरा, पण ७२०पी, एका वेळी पाच मिनिटं, आणि चित्रण चालू असताना आपोआप फोकस नाही. ते काम मोबाइलला द्या.

लग्नाची कामं पैसे घेऊन करत असाल तर मात्र बदला. यात कार्डाचा खण एकच आहे. ते कार्ड गेलं तर दुसऱ्याचं लग्न पुन्हा लावता येत नाही, तिथे दोन खणांचाच कॅमेरा हवा.

इतरांनी शटर गेलं तर दुरुस्तीचा खर्च आणि त्याच मॉडेलच्या वापरलेल्या बॉडीची किंमत शेजारी शेजारी मांडून बघावी. लेन्स, बॅटरी, चार्जर सगळं हाताशी असतं, त्यामुळे बऱ्याचदा दुसरी बॉडी परवडते. ती घेताना फोटोच्या एक्झिफमधून (फाइलमध्ये आपोआप साठणाऱ्या माहितीतून) शटर किती वेळा उडालंय ते काढा. या शटरची चाचणी एक लाखापर्यंत झालेली आहे. बॅटरीच्या खणात गंज बघा, अंगचा फ्लॅश उघडतो का बघा, आणि एफ/१६ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून बघा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, धूळ आहे. ब्लोअरनं गेली तर सौदा करा. ब्लोअर मारूनही त्याच जागी राहिली तर सफाईचा खर्च किमतीतून कमी करून घ्या.