पंचम जॉर्जचा रुपया: कोरा की नुसताच चकचकीत?

नाणं कडेनं धरा, खाली मऊ कापड अंथरा, भिंग पाचपटीचं घ्या. वीसपटीचं नको, त्यातून टांकसाळीतून काल निघालेलं नाणंही खरबरीत दिसतं. ग्रेडिंगची, म्हणजे नाण्याच्या अवस्थेला आकडा देण्याची मोजपट्टी १ ते ७०. साठपासून पुढची नाणी न वापरलेली, म्हणजे एमएस (मिंट स्टेट). ७० म्हणजे पाचपटीच्या भिंगाखाली टांकसाळीनंतरचा एकही दोष नाही. पोत्यांतून आदळत फिरलेल्या शंभर वर्षांच्या रुपयाबाबत हा आकडा विसरा.

खरी गोम ५८ आणि ६२ मध्ये आहे. ५८ म्हणजे किंचित वापरलेलं, ६२ म्हणजे कोरं पण ओरखडे असलेलं. 'चमकतंय ना, मग यूएनसी (अनसर्क्युलेटेड, न वापरलेलं)' असं सांगणाऱ्याकडून काही घेऊ नका. मी घेतलं होतं, १९१८ चा मुंबई टांकसाळीचा, म्हणजे तिची खूण असलेल्या ठिपक्याचा रुपया. आरशासारखा लखलखीत. ग्रेडिंगला पाठवला, तर आकड्याऐवजी 'डिटेल्स, क्लीन्ड' असा शेरा घेऊन परत आला. कुणीतरी तो घासला होता आणि मला ते दिसलं नव्हतं.

म्हणून ट्यूबलाइट बंद करा. एकच पिवळा दिवा ठेवा आणि त्याखाली नाणं हळूहळू कलतं करत फिरवा. ठसा बसताना चांदी मधून कडेकडे वाहते आणि अतिसूक्ष्म रेषा उमटतात. त्यामुळे उजेडाचे दोन पट्टे पवनचक्कीच्या पात्यांसारखे नाण्यावरून फिरतात. हे खरं लस्टर. घासलेलं नाणं सगळीकडून एकदम चकाकतं, पण पट्टा फिरत नाही. शिवाय एका ठरावीक कोनात केसासारख्या बारीक, एकाच दिशेच्या रेघांचा झुबका चमकून जातो. कोन जरा बदलला की गायब! माझं नेमकं इथंच चुकलं होतं. मी नाणं हातात स्थिर धरून पाहत होतो.

आता उंचवटे बघा: राजाची भुवई, मिशी, कान, मुकुट. फिरता पट्टा तिथं तुटून मळकट करडा डाग दिसला की ती झीज, नाणं ५८ किंवा खाली. तपशील बोथट आहे, पण पट्टा अखंड जातो आणि रंग बदलत नाही, तर ठसाच हलका बसलाय. त्याला झीज म्हणू नका. हा फरक डोळ्यांत बसायला मला दोन वर्षं लागली. अंगरख्यावरचा हत्ती पुसट दिसला की लगेच 'झिजलंय' म्हणणारे पुष्कळ भेटतात. (१९११ च्या रुपयावर हाच हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि १९१२ पासून तो सुधारावा लागला.)

ओरखडे मोजताना जागा बघा. दाढीत लपलेला चालतो, गालावरचा महागात पडतो. सपाट मोकळ्या भागावरचाही तसाच. काळपट-निळसर टोनिंगला, म्हणजे चांदीवर काळानं चढलेल्या रंगाला, हात लावू नका. चिंच, टूथपावडर, खोडरबर काहीच नको.

६४ की ६५? फोटोवरून सांगणाऱ्याला हसा. नाणं हातात असूनही माझा अंदाज चुकतो, आणि तेच नाणं पुन्हा पाठवलं तर ग्रेडरचाही आकडा बदलू शकतो. त्या एका अंकासाठी दुप्पट पैसे मागितले, तर मी ६४ च घेतो.