गावच्या शाळेत संचलन बसवताना

विदर्भातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत 26 जानेवारीच्या संचलनाची तयारी नेमकी कापूस वेचणीच्या दिवसांत येते आणि हजेरी कमीजास्त होत राहते, म्हणून मुलांना मैदानभर फिरवण्याआधी जागच्या जागी कदमताल पक्का करून घ्यावा. हात सुरुवातीला बाजूला स्थिर ठेवावेत आणि पहिला पाय नेहमी डावाच उचलावा. ‘तेज चल’ म्हणजे नेहमीच्या जलद संचलनाचा वेग मिनिटाला सुमारे 120 पावले, म्हणजे सेकंदाला दोन असतो; गावातला डफडे वाजवणारा हा ठेका सहज धरतो आणि शिट्टीपेक्षा मुले त्यावर लवकर जमतात.

सैनिकी पाऊल 30 इंचांचे असते. पाचवीच्या मुलांकडून त्याची अपेक्षा करणे मला तरी अन्यायाचे वाटते. ओळीतल्या सर्वांत लहान मुलाला झेपेल तेवढ्या अंतरावर फक्कीच्या आडव्या रेषा माराव्यात आणि सर्वांना त्याच मापाने चालवावे.

चालताना काही मुलांचा उजवा हात उजव्या पायाबरोबरच पुढे जातो. त्यांना रागावले की ती अधिकच ताठरतात, म्हणून हात सैल सोडून नेहमीसारखे चालायला सांगावे. हात आपोआप उलट पायाबरोबर हलू लागले की मग मूठ बंद, कोपर सरळ आणि झोका खांद्याच्या उंचीपर्यंत, असे एकेक सांगत जावे.

आज्ञा देणाऱ्याचा सरावही तितकाच हवा. आज्ञेचे दोन भाग असतात: ‘दाहिने’ हा सूचना देणारा भाग लांबवून म्हणायचा, क्षणभर थांबायचे आणि ‘मूड’ तुटक व जोरात द्यायचे. दोन्ही भाग एका दमात म्हटले, तर निम्मी ओळ आधीच वळते. ‘थम’ डावा पाय जमिनीवर टेकताना द्यावे, म्हणजे मुलांना ‘खाली (म्हणजे रिकामे पाऊल), एक, दो’ मोजून एकदम थांबता येते.

मानवंदनेसाठी ‘दाहिने देख’ म्हटल्यावर सगळ्यांच्या माना उजवीकडे वळतात, मात्र पुढच्या ओळीतील उजव्या टोकाच्या मुलाने समोरच पाहायचे असते, कारण दिशा त्याच्यावर सांभाळलेली असते. या जागेसाठी उंचीपेक्षा सरळ चालणारा मुलगा किंवा मुलगी निवडावी. काळ्या मातीच्या मैदानाला भेगा पडल्या असतील, तर आदल्या दिवशी त्या बुजवून पाणी शिंपडावे, अन्यथा हा सराव ग्रामपंचायतीसमोरच्या डांबरी रस्त्यावर घ्यावा.