जिल्हा अश्वारोहण संघटना: आधी घटना, मग नोंदणी

जिल्ह्यात पाच-सहा तबेले आणि पन्नासेक घोडेस्वार झाले की जिल्हा संघटना काढायचा विषय निघतोच. महाराष्ट्रात अशा संघटनेची नोंदणी दोन कायद्यांखाली होते: संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०. दोन्हींचं काम धर्मादाय कार्यालयातच होतं. बहुतेक जण घाईत दुसऱ्या एखाद्या क्रीडा मंडळाची घटना, म्हणजे नियमावली, उतरवून घेतात आणि पुढची सगळी भांडणं त्या उतरवलेल्या पानांतूनच निघतात.

भांडणाचा मुद्दा एकच असतो: मत कोणाला? आपल्याकडे हा खेळ दीर्घकाळ लष्कराने आणि मोजक्या क्लबांनी सांभाळला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगचं (ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि शो जंपिंग मिळून होणारी स्पर्धा) सांघिक सुवर्ण लष्करी घोडेस्वारांनीच आणलं. २०२३ ला हांगझोऊमध्ये ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) सांघिक सुवर्ण मिळालं ते मात्र नागरी खेळाडूंमुळे, आणि त्यांत मुंबईचा हृदय छेडाही होता. दरम्यान २०११ ची राष्ट्रीय क्रीडा संहिता, म्हणजे क्रीडा महासंघांसाठीचे केंद्राचे नियम, आली आणि राज्य संघटनांचं वजन वाढलं. राजस्थानच्या संघटनेने दिल्ली उच्च न्यायालयात हाच प्रश्न नेला, की भारतीय अश्वारोहण महासंघात मताधिकार फक्त राज्य संघटनांचा की क्लब-संस्थांचाही. जिल्ह्याच्या पातळीवर हा वाद छोटा दिसतो, पण मूळ तेच. त्यामुळे घटनेतलं सदस्यत्वाचं कलम सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळ देऊन लिहा.

मतदार दोनच प्रकारचे ठेवा. पहिला, १८ वर्षांवरील वैयक्तिक सदस्य. दुसरा, क्लब किंवा तबेला, ज्याचा एक प्रतिनिधी अधिकारपत्र घेऊन येईल आणि एकच मत देईल. घोड्यामागे मत हा प्रकार चुकूनही नको, नाहीतर ज्याच्याकडे वीस घोडे त्याचीच संघटना. स्पर्धेत उतरणारी बरीच मुलं अल्पवयीन असतात. त्यांना मत नसलेलं 'खेळाडू सदस्यत्व' द्या. पालकांना मत हवं असेल तर त्यांनी स्वतःची वर्गणी भरावी. सारंगखेडा किंवा माळेगावच्या बाजारात दिसणारे घोडे पाळणारे लोकही सदस्य व्हायला हवेत. त्यांच्यासाठी वर्गणी क्लबवाल्यांइतकीच ठेवली तर ते फिरकणार नाहीत.

१८६० च्या कायद्याचं कलम १५ लक्षात ठेवा: वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली की त्या सदस्याला मत नाही. निवडणुकीच्या दिवशी हे कलम हत्यारासारखं बाहेर काढलं जातं. त्यावर उपाय सोपा आहे. वर्गणी भरायची शेवटची तारीख आणि मतदार यादी लावायची तारीख घटनेतच घाला, यादी सभेच्या किमान ३० दिवस आधी फलकावर लावा आणि हरकतींसाठी सात दिवस द्या.

उद्देशाच्या कलमात शो जंपिंग, ड्रेसाज, इव्हेंटिंग, एंड्युरन्स (लांब पल्ल्याची घोडदौड), टेंट पेगिंग (धावत्या घोड्यावरून भाल्याने खुंटी उचलणं) असं नाव घेऊन लिहा. शर्यती टर्फ क्लबांच्या, पोलोची संघटना वेगळी. ते घुसडू नका. नावात 'राष्ट्रीय' किंवा सरकारी वाटेल असा शब्द असला तर १९५० च्या बोधचिन्ह व नावे कायद्याकडे बोट दाखवून अर्ज परत येतो.

अर्जाला किमान सात सभासद लागतात. सोबत विधानपत्र (संस्थेचं नाव, उद्देश आणि कार्यकारिणी सांगणारा मेमोरँडम), नियमावलीची प्रत (खरी प्रत म्हणून कार्यकारिणीतल्या किमान तिघांनी प्रमाणित केलेली), संमतीपत्रं, ओळखपत्रं आणि कार्यालयाच्या जागेचं नाहरकत पत्र. जागा एखाद्या तबेल्याची असेल तर मालकाची सही आणि वीजबिलावरचं नाव जुळतंय का, हे आधी पाहा. अर्ज अडकतो तो बहुतेक इथेच.

कार्यकारिणी नऊ किंवा अकरा जणांची पुरे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीला कमाल १५ ची मर्यादा घातली आणि तीत दोन गुणवंत खेळाडू व चार महिला आवश्यक केल्या. जिल्ह्यानेही त्याच धर्तीवर जागा राखाव्यात, म्हणजे वर संलग्न होताना घटना पुन्हा बदलावी लागत नाही. उद्देश बदलायचा तर दोन विशेष सभा आणि तीन-पंचमांश मतं लागतात. कमी त्रासाचं काम नाही हे.

या खेळात माणसं मोजकी असल्याने एकच जण तबेल्याचा मालक, प्रशिक्षक आणि पंच असतो. ते टाळता येत नाही, म्हणून नियम लिहा: निवड चाचणीत स्वतःचा विद्यार्थी किंवा स्वतःचा घोडा असेल तर त्याने निवड समितीतून उठायचं आणि तशी इतिवृत्तात नोंद करायची. निकष चाचणीआधी जाहीर करा: कुठल्या उंचीची फेरी, बरोबरी झाली तर जंप-ऑफ (बरोबरीतल्यांची पुन्हा फेरी) की वेळ.

आता चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याचा धर्मादाय कार्यालयाला द्यायचा अर्ज. निवडणूक झाली, हार घातले, फोटो निघाले आणि कागद तसाच राहिला, हे नेहमीचं. पदाधिकारी बदलले की १९५० च्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत हा अर्ज द्यावा लागतो. त्याच दिवशी एक फाइल बांधा: सभेची नोटीस, ती पोचल्याचे पुरावे, हजेरीपटाची प्रत, ठराव, जुन्यांचे राजीनामे, नव्यांची संमतीपत्रं. नोटीस फक्त व्हॉट्सअॅपवर टाकली असेल आणि घटनेत तशी सोय नसेल, तर हरलेला गट तिथेच बोट ठेवतो. मुदत हुकली तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. एक अर्ज रखडला की त्यापुढच्या निवडणुकीचाही रखडतो. शेड्यूल एकच्या (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या) उताऱ्यावर जुनीच नावं राहिल्याने बँक सह्या बदलून देत नाही आणि बक्षिसांचे पैसे खात्यात असून वापरता येत नाहीत.

गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने घ्यायची सोय ठेवा, मात्र तीत निवडणूक आणि घटनादुरुस्ती नको असं स्पष्ट लिहा.

हिशेब वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत लेखापरीक्षण झालेले हवेत. घोड्यांच्या चाऱ्याची आणि वाहतुकीची बिलं कच्ची येतात. ती खर्च करणाऱ्याच्या सहीच्या व्हाउचरवर चढवून घ्या.

शेवटचं कलम घोड्यांच्या आरोग्याचं, आणि उतरवलेल्या घटनेत ते कधीच नसतं. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग २००९ च्या प्राणी संसर्गजन्य रोग कायद्याखाली कळवावा लागणारा आजार आहे. तपासणीसाठी रक्तजल (सीरम) हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात पाठवतात. तिथला अहवाल नसलेल्या घोड्याला रिंगणाच्या फाटकाआत घेऊ नये आणि आसपास रोग आढळला तर अध्यक्ष व पशुवैद्य दोघांनी मिळून सभा न बोलावता स्पर्धा रद्द करावी, असा अधिकार घटनेतच द्या. प्रवेश फी परत करायची की नाही हेही त्याच कलमात लिहा, कारण स्पर्धा रद्द झाल्यावर पहिला फोन त्याचाच येतो.