काजूच्या बागेत वानर मेलं, तर लपवू नका
(खानापूर-चंदगड पट्टा, पौष ते वैशाख)

बागेच्या कडेला वानर मरून पडतं. मालक बघतो, काठीनं ओढ्यात ढकलतो आणि घरात बायकोलासुद्धा सांगत नाही. बोभाटा झाला तर ऐन बी पडायच्या दिवसांत गडी-बायका बागेत पाय ठेवणार नाहीत, ही त्याची भीती. आमच्या भागातल्या एका बागेत असंच झालं. काही दिवसांनी बी वेचणाऱ्या दोघी तापानं अंथरुणाला खिळल्या. बाकीच्यांना कुणकुण लागली आणि दुसऱ्या दिवसापासून कुणीच आलं नाही. पाचोळ्यात पडलेली बी वळवाच्या पावसानं काळी पडली. ज्या रोजगारासाठी तोंड बंद ठेवलं, तोच गेला.

म्हणून यंदा काजूचा रस शोषणाऱ्या ढेकण्या किडीच्या आधी माकडतापाचं बोलतो. कन्नडमध्ये याला 'मंगन कायिले' म्हणतात. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात हा विषाणू पहिल्यांदा सापडला. तो लांबचा आजार, असं म्हणायचे दिवस गेले. २०१५ साली चोर्ला घाटाच्या पलीकडे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात साथ आली, पुढच्या वर्षी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. गोव्याच्या काजूबागांत राबायला गेलेल्या आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या मजुरांनाही हा ताप झाला. आपली माणसं दरवर्षी त्याच वाटेनं जातात-येतात.

हा ताप माकड चावून येत नाही, एका माणसाचा दुसऱ्याला लागत नाही. तो येतो गोचिडीतून, तेही खसखशीएवढ्या पिल्लातून, जे अंगावर चढलेलं कळतसुद्धा नाही. पावसाळ्यानंतर अंड्यांतून निघालेली पिल्लं डिसेंबरपासून मेपर्यंत पाचोळ्यात भुकेली बसतात. काळतोंडी वानरं आणि तांबड्या तोंडाची माकडं या विषाणूनं पटापट मरतात. वानर मेलं, अंग गार पडलं, की त्याच्यावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूला पसरतात. तुम्ही प्रेत ओढ्यात ढकललंत तरी गोचिडी तुमच्या काजूखालीच राहिल्या.

मेलेलं वानर दिसलं की एवढं करा. हात लावू नका, पुरू नका, जाळू नका. कुत्र्याला तिकडं सोडू नका. जागेला दुरून खूण करा आणि त्याच दिवशी आशाताईंना, प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनरक्षकाला कळवा. आरोग्याचा १०४ नंबरही आहे. तपासणीचे नमुने तेच घेतील. मेल्या जागेभोवती ५० मीटरपर्यंत ५ टक्के मॅलेथिऑन भुकटी टाकायची पद्धत आहे, तेही त्यांचं काम. तेवढ्या टापूतली वेचणी थांबवा. पन्नास मीटर म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण सहा-सात झाडं, अख्खी बाग नव्हे.

आता माझा एक अंदाज, शास्त्र म्हणून घेऊ नका. ज्या बांधावर रोज सकाळी वानरांची हुपहुप असते तिथं चार दिवस शुकशुकाट असेल, तर मी पाचोळ्यात जात नाही. आधी कडेनं वास घेत फिरतो. दोनदा असंच मेलेलं वानर सापडलं.

'गोचीडमुक्त बाग' म्हणून दुकानदार औषधांचा जोड गळ्यात मारतील. घेऊ नका. फवारा पाचोळ्याच्या खालच्या थरात पोचत नाही, मोहोरावरच्या माश्या मात्र मरतात, आणि त्या मेल्या तर बी कुठून धरणार? त्या पैशात बी पडायच्या आधी झाडाखालचं झाडून घ्या. दाताळ्यानं, हातानं नाही, गमबूट घालून. गोळा केलेला पाचोळा घराच्या किंवा गोठ्याच्या भिंतीला लावू नका. भाताच्या रोपांचा तरवा भाजायला हवा असेल तर शेतातच ढीग करा. बागेत जाळू नका, जंगल लागून आहे.

गोठ्याकडेही बघा. गुरांकडून माणसाला विषाणू थेट येत नाही, पण रानात चरून आलेली गाय-म्हैस गोचिडी दारात आणते. पाठीवर ओतायचं गोचिडीचं औषध, १ टक्का फ्लुमेथ्रिन, दर १० किलो वजनाला १ मिली, कण्यावरून शेपटीपर्यंत. इंजेक्शनचा आग्रह झाला तर दूध किती दिवस वर्ज्य ते आधी विचारा. कोंबड्या गोठ्यात सोडल्या की गोचीड कमी होते, असं आमची आजी म्हणायची. खर्च नाही, करून बघा.

वेचणीला जाताना पूर्ण बाह्या, पायजम्याचे पाय मोज्यांत खोचलेले. आरोग्य खात्याकडून गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल मिळतं, ते हातापायांना लावा. विसाव्याला पाचोळ्यावर बसू नका, आडवं तर मुळीच होऊ नका. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, अंघोळ साबणानं. जुनी लस शासनानं थांबवली आहे, तिच्या भरवशावर राहू नका.

बागेतून आल्यावर आठवडाभरात एकदम जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंगदुखी, लाल डोळे, उलटी झाली तर 'काजूत गेलो होतो' हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. नाहीतर डेंगी समजून वेळ जातो. पॅरासिटामॉलशिवाय दुखण्याची गोळी मनानं घेऊ नका, या तापात रक्तस्राव होऊ शकतो. ताप उतरून आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा चढला, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर थेट मोठं इस्पितळ गाठा.

बाकी नेहमीची कामं:
– ढेकण्या: पालवीला लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ५ टक्के, १० लिटरला ६ मिली, मोहोराला प्रोफेनोफॉस ५० टक्के, १० लिटरला १० मिली. उन्हं उतरल्यावरच.
– खोडकिडीचा भुसा दिसला तर तारेनं अळी काढा.
– पडलेली बी रोज वेचा, दोन-तीन दिवस उन्हात वाळवा.
– करवंट्या, जुने टायर, बोंडांचे डबे उपडे घाला. पहिल्या वळवानंतर डेंगीचे डास तिथंच होतात.

गोव्याला टोळी घेऊन जाणाऱ्या मुकादमांनो, तिथला मालक वानर मेल्याचं सांगेलच असं नाही. बागेत उतरायच्या आधी तिथल्या गुराख्यांना विचारा. आणि परत आलेल्या माणसाला ताप आला तर गावात लपवू नका.