परदेशी सहाध्यायांशी जगाच्या राजकारणावर बोलताना : संवादगट सुरू करू पाहणाऱ्यांसाठी

पुण्यात शिकणाऱ्याला जगाशी ओळख करून घेण्यासाठी शहर सोडावे लागत नाही. येथील विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत अफगाणिस्तान, येमेन, सुदान, केनिया, टांझानिया, नेपाळ, बांगलादेश, मॉरिशस अशा देशांतील विद्यार्थी वर्षानुवर्षे येत आहेत. त्यांतील अनेकांना १९५० साली स्थापन झालेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची शिष्यवृत्ती असते. तरीही एकाच वर्गात दोन वर्षे काढलेल्या भारतीय आणि परदेशी विद्यार्थ्यांचे बोलणे टिपणे, सबमिशन आणि खोलीचे भाडे यांपलीकडे क्वचितच जाते. पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात आम्ही काही जणांनी दर पंधरवड्याला जागतिक घडामोडींवर एकत्र बसून बोलण्याचा गट चालवला. असे काही करू पाहणाऱ्यांना त्यातले जे उपयोगी पडेल ते येथे नोंदवतो.

सर्वप्रथम, हा उपक्रम ‘आंतरराष्ट्रीय दिना’पासून वेगळा ठेवावा. आपापल्या पोशाखात येणे, पदार्थांचे स्टॉल लावणे आणि शेवटी सर्वांनी नाचणे यात वाईट काही नाही, परंतु त्यातून जगाविषयी काही कळत नाही. आमच्या गटात मॉरिशसची एक विद्यार्थिनी होती. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या वंशजांपैकी ती एक. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, हे कळल्यावर प्रत्येक मराठी विद्यार्थी तिच्याशी गणपती आणि मोदक यांवरच बोलत असे. चागोस बेटांविषयी मात्र तिला कोणी विचारले नव्हते. मॉरिशस १९६८ मध्ये स्वतंत्र झाला, पण त्याआधी, १९६५ मध्येच, ब्रिटनने ही बेटे त्यापासून तोडली आणि पुढे तेथील रहिवाशांना हलवून त्यांतील दिएगो गार्सिया या बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ उभा राहिला. हे विभाजन बेकायदा होते, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिले. भारतीय विद्यार्थ्यांनी दिएगो गार्सिया हे नाव केवळ हिंदी महासागराच्या नकाशावरील तळ म्हणून वाचले होते. घरादारातून उठवलेल्या माणसांची बाजू तिने मांडली, तेव्हा त्या नकाशावर माणसेही होती, हे आमच्यातल्या अनेकांच्या पहिल्यांदा लक्षात आले.

दुसरी अडचण आपल्याच सवयीची आहे. शाळेपासून वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांमध्ये वाढलेला मराठी विद्यार्थी बोलायला उभा राहिला की अनुकूल किंवा प्रतिकूल बाजू पकडतो आणि घंटा वाजेपर्यंत ती सोडत नाही. अभिरूप संयुक्त राष्ट्रसभेचाही येथे फारसा उपयोग नाही, कारण तेथे नाशिकचा मुलगा ब्राझीलचा प्रतिनिधी होऊन ब्राझीलची अधिकृत भूमिका वाचतो. संवादगटात प्रत्येकाने स्वतःच्या नावाने बोलायचे असते. म्हणूनच परदेशी विद्यार्थ्याला त्याच्या देशाचा वकील बनवू नये, ही एकच गोष्ट मी नव्या संयोजकांना पुनःपुन्हा सांगतो. ‘तुमच्याकडे लोकांना तालिबान हवे आहेत का?’ असा प्रश्न एका बावीस वर्षांच्या मुलीला विचारणे म्हणजे तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठांची दारे बंद केल्यापासून तर अशा मुलीला मायदेशी परतून पुढे शिकण्याची वाटच उरलेली नाही, याचे भान प्रश्न विचारणाऱ्याने ठेवायला हवे.

यावर आम्ही काढलेला उपाय असा. विषय कोणताही असो, पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपल्याच सरकारच्या अशा एका निर्णयाविषयी बोलायचे, जो त्याला स्वतःला पटवून देणे जड जाते, आणि सुरुवात नेहमी भारतीय विद्यार्थ्याने करायची. यजमानानेच आपले झाकलेले थोडे उघडले, तर पाहुणा मोकळा होतो.

युक्रेनवरील बैठकीत या पद्धतीचा कस लागला. २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावावर झालेल्या मतदानाचा तक्ता आम्ही छापून वाटला होता : बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. भारत, बांगलादेश, सुदान आणि टांझानिया तटस्थ होते. नेपाळ, केनिया आणि येमेन ठरावाच्या बाजूने होते. शेजारी शेजारी बसलेल्या केनियन आणि टांझानियन विद्यार्थ्यांना आपल्या देशांची मते वेगळी पडली हे तक्ता पाहूनच कळले आणि पुढची दहा मिनिटे ते दोघेच बोलत होते. वसाहतवाद्यांनी आखलेल्या सीमा आफ्रिकी देशांनी तशाच स्वीकारल्या, असा दाखला केनियाच्या राजदूतांनी सुरक्षा परिषदेत दिला होता, तो संदर्भ तेथे आपोआप निघाला. अफगाणिस्तानचे मत बाजूने नोंदलेले पाहून तेथील विद्यार्थी कडवटपणे हसला, कारण संयुक्त राष्ट्रांतील ती जागा तेव्हाही तालिबानने २०२१ मध्ये उलथवलेल्या सरकारच्या प्रतिनिधीकडेच होती. मोठ्या शेजाऱ्यांमध्ये राहणाऱ्या लहान देशाला सीमा या शब्दाचे काय वाटते, हे सांगताना नेपाळी विद्यार्थ्याने भारताच्या सीमेवर नेपाळकडे जाणारा माल अडला, त्या २०१५ च्या नाकेबंदीची आठवण काढली. ती नाकेबंदी असल्याचे भारत सरकारने सदैव नाकारले आहे आणि आमच्यातील दोघांनी ते लगेच सांगितलेही. परंतु त्या महिन्यांत घरात गॅस नव्हता, या त्याच्या वाक्याला खंडन नव्हते. येमेनच्या विद्यार्थ्याने युद्धापेक्षा पिठाच्या भावाविषयीच बोलणे पसंत केले आणि १३ मे २०२२ रोजी भारताने गव्हाच्या निर्यातीवर घातलेल्या बंदीविषयी आम्हाला विचारले. भारताच्या तटस्थतेवर तावातावाने बोलणाऱ्या आम्हा कोणाकडेच त्याचे तयार उत्तर नव्हते. माझ्या मते तीच बैठक सर्वांत चांगली झाली.

हे घडण्यासाठी काही साध्या गोष्टी सांभाळाव्या लागतात. गट दहा-बारा जणांपेक्षा मोठा नसावा आणि संचालक दोन असावेत, एक भारतीय आणि एक परदेशी. प्रश्न जाहीर झाल्यावर दोन-तीन मिनिटे सर्वांनी कागदावर लिहावे आणि मगच बोलावे. इंग्रजी सफाईने बोलणारे भारतीय विद्यार्थी अन्यथा बैठक ताब्यात घेतात आणि फ्रेंच किंवा अरबी माध्यमातून आलेला विद्यार्थी गप्प बसतो. शुक्रवारची दुपार नमाजाची असल्याने टाळावी. रमजानमध्ये चहा-बिस्किटे मध्यंतरी न ठेवता बैठकच इफ्तारला जोडून घ्यावी.

सर्वांत गंभीर बाब व्हिसाची आहे आणि नव्या संयोजकांना तिची कल्पना नसते. २०२० मध्ये नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्धच्या निदर्शनांच्या संदर्भात कोलकात्यात शिकणाऱ्या एका पोलिश विद्यार्थ्याला देश सोडण्याची नोटीस मिळाली होती. उच्च न्यायालयाने ती पुढे रद्द केली, पण प्रत्येक विद्यार्थ्याला न्यायालयापर्यंत जाणे परवडणारे नसते. त्यामुळे बैठक विभागाची लेखी परवानगी घेऊन वर्गातच घ्यावी. ठराव, निवेदने आणि घोषणा यांपासून ती दूर ठेवावी आणि ध्वनिमुद्रण करू नये. छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकण्याची हौस तर आवरावीच. बैठकीत कळलेली माहिती बाहेर सांगता येईल, पण ती कोणी सांगितली हे सांगता येणार नाही, हा लंडनमधील चॅटम हाउस या आंतरराष्ट्रीय घडामोडींच्या अभ्याससंस्थेचा १९२७ पासून चालत आलेला नियम पहिल्याच दिवशी मोठ्याने वाचून दाखवावा. सुदानी किंवा अफगाण विद्यार्थ्याच्या बाबतीत धोका भारतात नव्हे, तर मागे राहिलेल्या कुटुंबाला असतो.

अशा कामाचा नोकरीसाठी उपयोग काय, असे विचारले जाते. परराष्ट्र सेवा, पत्रकारिता किंवा विकास क्षेत्राच्या मुलाखतीत सांगण्याजोगे काही हाताशी राहते, एवढेच मी म्हणेन. मोठ्या मंचाची इच्छा असेल त्यांनी नॉर्वेतील त्रोन्दहाइमला १९९० पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी महोत्सवाचा विचार करावा. दर दोन वर्षांनी भरणारा हा महोत्सव विद्यार्थीच चालवतात.

गटाची सुरुवात जुलैत करण्याची घाई मात्र नको. व्हिसा आणि नोंदणीच्या कागदपत्रांमुळे परदेशी विद्यार्थी बऱ्याचदा सत्र सुरू झाल्यावर येतात. ते येण्याआधीच वर्षभराच्या विषयांची यादी लावली, तर ती केवळ भारतीय विद्यार्थ्यांची यादी ठरते. पहिली बैठक सप्टेंबरमध्ये घ्यावी, तीत कोणत्याही विषयावर चर्चा न करता फक्त विषय मागवावेत आणि पहिले तीन विषय परदेशी विद्यार्थ्यांनी सुचवलेलेच निवडावेत.