जुना टी-३४ नव्याने बांधताना

मॉडेल किटचा जुना खोका उघडल्यावर मी आधी चाकं पाहिली, आणि व्हायचं ते झालेलं होतं. व्हिनाइलचे काळे ट्रॅक, म्हणजे चाकांवरून फिरणारे साखळीपट्टे, वर्षानुवर्षं चाकांना टेकून पडले होते. जिथे टेकले होते तिथे चाकाचं प्लास्टिक मऊ होऊन चिकट झालं होतं आणि दोन चाकांच्या कडेवर ट्रॅकच्या कड्यांची नक्षी उमटली होती. किट १/३५ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या ३५ पट लहान, १९७० च्या दशकातलं, सोव्हिएत टी-३४ रणगाड्याचं. थोरल्या भावाने हौसेने आणलेलं, त्याच्या हातून बांधायचं राहून गेलेलं. म्हणून ते टाकून नवीन आणायचा विचार माझ्या मनात आला नाही.

तुमच्याकडे असं जुनं किट असेल तर आजच उघडा आणि ट्रॅक बाहेर काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. व्हिनाइल लवचीक राहावं म्हणून त्यात जे द्रव्य मिसळलेलं असतं ते हळूहळू बाहेर पाझरतं आणि किटच्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरीनला, खातं. बांधायला कधी घ्याल ते घ्या, पण हे काम थांबवू नका.

मी टूलरूममधला माणूस. नोकरीची सगळी वर्षं प्लास्टिकचे साचे बनवण्यात गेली, त्यामुळे किट हातात आलं की मला रणगाड्याआधी साचा दिसतो. जुन्या किटमधल्या उणिवा बहुतेक करून कुणाच्या आळसामुळे आलेल्या नसतात. साचा सरळ रेषेत उघडतो, म्हणून उभ्या बाजूंवर बारकावे देता येत नाहीत. दिले तर भाग साच्यात अडकतो. प्लास्टिक टोकापर्यंत वाहत जायला हवं, म्हणून पत्रे जाड ठेवावे लागतात. जाड भाग आतून उशिरा थंड होतो, आकसतो आणि वर खळगा पडतो. साचा कुठे अडला असेल हे ओळखता आलं की कुठे हात घालायचा हे समजतं.

सुरुवात धुण्यापासून. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, मऊ ब्रश, आणि सगळ्या फ्रेम (भाग ज्यांना जोडलेले येतात ते प्लास्टिकचे दांडे) नीट धुऊन एक रात्र वाळवायच्या. साच्यातून भाग सुटावा म्हणून मारलेलं तेल अजून अंगावर असू शकतं, त्यावर रंग धरत नाही. हलची, म्हणजे रणगाड्याच्या मुख्य धडाची, खालची पेटी पिळवटली असेल तर ती हात सोसेल इतक्या गरम पाण्यात थोडा वेळ धरा, मग सपाट काचेवर दाबून गार होऊ द्या. उकळतं पाणी नको. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास ढिलं पडतं आणि मग आकार आपल्या ताब्यात राहत नाही.

मग मापं घ्यायला व्हर्निअर कॅलिपर घ्या. खऱ्या टी-३४ च्या हलची लांबी ५.९२ मीटर, रुंदी ३ मीटर. ३५ ने भागलं की १६९ मिलिमीटर आणि ८५.७ मिलिमीटर येतात. चाकाचा व्यास ८३० मिलिमीटर, म्हणजे किटमध्ये २३.७. ट्रॅकची रुंदी ५०० मिलिमीटर, म्हणजे १४.३. हे आकडे कागदावर लिहा आणि समोर किटचे आकडे मांडा. एक-दीड मिलिमीटरचा फरक असेल तर मी त्याला हात लावत नाही. हल कापून रुंदी सुधारायला गेलं की एकामागून एक सगळंच कापावं लागतं, आणि तो फरक शेल्फवर ठेवलेल्या रणगाड्यात कुणाला दिसत नाही. नजरेला दिसतात त्या तीन गोष्टी: पत्र्यांच्या जाड कडा, ओतीव टरेटचा (तोफ असलेल्या फिरत्या घुमटाचा) गुळगुळीतपणा आणि ताठ उभे राहिलेले ट्रॅक. जुन्या किटवरची माझी सगळी मेहनत या तीन ठिकाणी जाते.

त्याआधी भोकं बुजवायची. त्या काळातली बरीच किटं मोटरवर चालायची. १/३५ हे मापसुद्धा त्यातूनच आलं: तामिया या जपानी मॉडेल कंपनीने साठीच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं किट काढलं ते मोटर आणि बॅटऱ्या आत मावतील एवढं, आणि नंतर मोजल्यावर ते प्रमाण ३५ ला १ भरलं. म्हणून हलच्या तळाला स्विचची आणि स्क्रूची भोकं असतात. ती बाहेरून पुट्टीने भरू नका, पुट्टी आकसते आणि भोकाची गोल कड पुन्हा उमटते. आतून एक मिलिमीटरचा प्लास्टिक पत्रा चिकटवा, मग बाहेरून भरा.

भरायला मी विकतची पुट्टी कमीच वापरतो. त्याच किटच्या रिकाम्या फ्रेमचे बारीक तुकडे पातळ सिमेंटच्या, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाच्या, बाटलीत टाकतो. दोन दिवसांत दाट काकवीसारखं मिश्रण होतं. हे मूळ प्लास्टिकच असल्याने घासताना आजूबाजूच्याइतकंच कडक लागतं आणि कड सुटत नाही. मात्र घाई चालत नाही. भरल्यावर आठवडाभर विसरून जा. आत ओलं असताना घासलंत तर नंतर खळगा पडतोच. सिमेंटचं काम खिडकी उघडी ठेवूनच करा.

ट्रॅकच्या वरच्या बाजूला हल बाहेर आलेला असतो. तिथे खालून पाहिलं तर बऱ्याच जुन्या किटमध्ये तळच नसतो, सरळ पोकळी दिसते. पुठ्ठ्याचा नमुना कापून बसवून पाहा, जुळला की तसाच अर्धा मिलिमीटरचा पत्रा कापून चिकटवा. तासाभराचं काम आहे, आणि इंजिनच्या जाळीतून आरपार दिसणारा उजेड बंद होतो.

आता कडा. किटमधला फेंडर, म्हणजे ट्रॅकवरचा मडगार्ड, साधारण एक मिलिमीटर जाड असतो. ३५ ने गुणा: साडेतीन सेंटिमीटर. खरा फेंडर काही मिलिमीटरचा पातळ पत्रा होता, माणसाच्या पायाने वाकणारा. सगळा फेंडर पातळ करायची गरज नाही. नजर फक्त कड पाहते. ब्लेड उभं धरून खालच्या बाजूने, कडेपासून तीन मिलिमीटरच्या पट्ट्यात, हलक्या हाताने खरवडा. कड कागदासारखी झाली की थांबा. एका कोपऱ्याला चपट्या चिमट्याने किंचित वाक द्या. त्या एका वाकाने प्लास्टिकचा पत्रा लोखंडाचा वाटायला लागतो.

टरेटवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. पण आधी आपला रणगाडा कोणत्या कारखान्यातला ते ठरवा. टी-३४ अनेक ठिकाणी बनले. १९४१ मध्ये खारकोवचा कारखाना उरल पर्वताकडे निझनी तागिलला हलवला. तिथे षटकोनी टरेट ओतून बनवत. उरलमाश या दुसऱ्या कारखान्यात मात्र टरेट मोठ्या प्रेसवर दाबूनही काढले, ते गुळगुळीत आणि गोलसर खांद्यांचे. दाबून काढलेल्या टरेटवर ओतकामाचा खडबडीतपणा उठवला तर सगळं चूक होतं. आपल्या रणगाड्याचा एखादा जुना फोटो समोर ठेवल्याशिवाय ब्रश उचलू नका.

माझा टरेट ओतीव होता. किटमध्ये त्याच्या बाजू काचेसारख्या गुळगुळीत, कारण उभ्या भिंतीवर खडबडीतपणा दिला तर साचा सुटत नाही. छताला आधी टेप लावा. ओतीव टरेटचं छत वेगळ्या लाटीव पत्र्याचं, वर वेल्ड केलेलं असायचं, ते गुळगुळीतच राहिलं पाहिजे. मग एका बाजूवर पातळ सिमेंटचा भरपूर हात मारा, दहा-पंधरा सेकंद थांबा, आणि प्लास्टिक मऊ झालं की आखूड कापलेल्या राठ ब्रशने सरळ टोचत जा. ब्रश ओढायचा नाही, फक्त टोचायचा. पृष्ठभागावर बारीक दाणे उठतात. ब्रशला धागे यायला लागले की हात उचला, ते ठिकाण आता वाळू द्यायचं. एका वेळी एकच बाजू. दुसऱ्या दिवशी बारीक पॉलिश पेपर एकदाच फिरवा, म्हणजे दाण्यांची टोकं बसतात. खरं ओतीव पोलाद हाताला खरखरीत लागलं तरी ३५ पट लहान केल्यावर ते जेमतेम जाणवलं पाहिजे. पहिल्यांदा सगळेच जास्त करतात, म्हणून आधी एखाद्या रिकाम्या डबीवर हात बसवा.

किटच्या दोन अर्ध्या भागांची जोडरेषा घासून काढायची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण खऱ्या ओतीव टरेटच्या बाजूलाही साच्याची रेघ असायची आणि युद्धाच्या घाईत ती घासत बसायला कुणाला वेळ नव्हता. फोटोत ती दिसली तर तेवढी मुद्दाम ठेवा, नसली तर ताणलेल्या फ्रेमचा धागा चिकटवून घ्या. मी माझ्या टरेटवर ती रेघ घातली, आणि ओतकाम करणाऱ्या माणसाचा हात तिथे दिसल्यासारखं वाटलं.

हा धागा वेल्डिंगलाही लागतो. फ्रेमचा दांडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योत न लावता, फिरवत धरा. चमकायला लागून मध्ये लवला की बाहेर काढा आणि मगच ताणा. सावकाश ताणलं तर जाड धागा, झटकन ताणलं तर केसासारखा. छत आणि बाजू मिळतात तिथे अर्ध्या मिलिमीटरचा धागा चिकटवा, त्यावर पातळ सिमेंट मारा, मऊ झाला की ब्लेडच्या बोथट बाजूने आडवे दाब देत जा. टी-३४ चं वेल्डिंग ओबडधोबड होतं, त्यामुळे दाब समान अंतरावर नसले तर उत्तमच.

पायदळाचे सैनिक रणगाड्यावर बसून जायचे, म्हणून १९४३ च्या टी-३४ ला हलवर आणि टरेटवर धरायचे दांडे असतात. जुन्या किटमध्ये ते अंगालाच चिकटलेले असतील तर छिन्नीसारख्या ब्लेडने काढून टाका आणि ०.६ मिलिमीटरची तांब्याची तार वाकवून बसवा. सगळे दांडे एकाच पट्टीच्या तुकड्यावर वाकवा, लांबी आपोआप सारखी येते. तोफेचं तोंड भरीव असेल तर ड्रिल करा: ७६.२ मिलिमीटरची तोफ, म्हणजे २.२ चं ड्रिल. आधी मध्यभागी सुईने खूण, मग ०.५, मग १, मग पुढे. ड्रिल पिन व्हाइस या छोट्या मुठीत धरून हाताने फिरवा, यंत्राने नाही, उष्णतेने प्लास्टिक वितळतं. इंजिनमागची जाळी प्लास्टिकची असेल तर धातूची बारीक जाळी कापून लावा.

रंगाबद्दल थोडक्यात: आधी राखाडी प्राइमर, कारण राहिलेला प्रत्येक ओरखडा त्यावर दिसतो, मग गडद हिरवा, मग सपाट पृष्ठांच्या मध्यावर तोच हिरवा किंचित फिका. पिवळी पडलेली डेकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) सूर्यप्रकाश येणाऱ्या खिडकीच्या काचेला काही दिवस चिकटवून ठेवा, पिवळेपणा बराच उतरतो. पाण्यात सोडायच्या आधी अख्ख्या कागदावर डेकलचं वॉर्निश मारा आणि एक बिनकामाचं चिन्ह भिजवून पाहा. त्याचे तुकडे झाले नाहीत तरच बाकीची वापरा.

आता ती खाल्लेली दोन चाकं. कडेवरचा चिकट थर आधी खरवडून काढला, फ्रेमच्या मिश्रणाने खोल भाग भरला, आठवड्याने चाक एका दांड्यावर बसवून पॉलिश पेपरवर फिरवलं. तरी एका जागी कड बसकी राहिली. मग लक्षात आलं की खऱ्या चाकांवरचं रबरही दगडांवर फाटून तुकड्या-तुकड्याने निघायचं. रबराची इतकी टंचाई होती की १९४१-४२ मध्ये काही टी-३४ ना पोलादी कडेची चाकं लावावी लागली. बसक्या जागेवर मी सुरीने दोन-तीन लचके तोडले, आणि ते आता कुरतडलेलं रबर दिसतं.

ट्रॅक शेवटी. जुने ट्रॅक अजून मऊ आणि कोरडे असतील तर साबणाने धुवा आणि ऍक्रिलिक रंग वापरा, तो व्हिनाइलबरोबर वाकतो. हाताला तेलकट लागत असतील किंवा वाकवल्यावर तडकत असतील तर त्यांचा नाद सोडा आणि सुट्या कड्यांचे घ्या; टी-३४ ला एका बाजूला ७२ कड्या लागतात.

व्हिनाइलचा ट्रॅक रबरबँडसारखा ताणून बसतो, आणि टी-३४ वर तो सगळ्यात जास्त खटकतो. या रणगाड्याला वरच्या बाजूला आधाराच्या फिरक्या नाहीत. मागच्या स्प्रॉकेटवरून (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकावरून) उतरलेला जड ट्रॅक थेट मोठ्या चाकांच्या डोक्यावर लोळतो, दोन चाकांमध्ये किंचित झोळ पडतो, आणि पुढच्या आयडलरकडे (ट्रॅक वळवणाऱ्या मोकळ्या चाकाकडे) जाताना पुन्हा वर चढतो. हे वजन दाखवायला ट्रॅक बसवण्यापूर्वी हलच्या बाजूला, दर दोन चाकांच्या मध्ये, चाकांच्या माथ्याच्या जरा वर ०.८ मिलिमीटरची भोकं पाडून ठेवा. चाकांच्या कडांना प्राइमर आणि रंगाचे दोन पक्के थर द्या, म्हणजे व्हिनाइलचा प्लास्टिकला थेट स्पर्श होत नाही. ट्रॅकचा जोड बारीक तारेने शिवा आणि तो चाकाखाली, जमिनीच्या बाजूला न्या.

मग ट्रॅक चढवा, काडीने वरची बाजू खाली दाबा आणि त्या भोकांतून सात मिलिमीटर लांबीची तार ट्रॅकच्या वरून आत सरकवा. तार ट्रॅकच्या आतल्या अर्ध्या भागावरच टेकली पाहिजे. बाहेरून पाहताना फेंडरच्या सावलीत ती दिसत नाही. एकेक तार घालताना ट्रॅक त्या जागी चाकावर बसतो. पाचही चाकांवर ट्रॅक टेकला की प्रत्येक तारेच्या मुळाशी सुपरग्लूचा एक थेंब, आणि तो सुकेपर्यंत रणगाडा उचलायचा नाही.