लॉटरी वितरकाची तपासणी: आधी परतीची तिकिटं मोजा

लॉटरीत घोटाळा म्हटला की सगळ्यांची नजर सोडतीच्या यंत्राकडे जाते. तपासणीला बसणाऱ्याने मात्र आधी न विकलेल्या तिकिटांचे गठ्ठे मागवावेत. सोडत चारचौघांत होते, परतीच्या तिकिटांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

लॉटरी (विनियमन) अधिनियम, १९९८ चं कलम ४, त्याखालचे २०१० चे नियम, योजनेची राजपत्रातली अधिसूचना आणि वितरकाशी झालेला करार एवढे कागद पुरतात. लॉटरी राज्य सरकारची असते, वितरक फक्त तिकिटं विकणारा. करारच अशा भाषेत असेल की ठरावीक रक्कम सरकारला आणि बाकी सगळं वितरकाचं, तर पहिला आक्षेप तिथेच लिहा. विक्रीची रक्कम राज्याच्या लोकलेख्यात, म्हणजे सरकारी खात्यात, जमा झाली पाहिजे. बक्षिसं परस्पर वळती करून उरलेली रक्कम भरणं यात बसत नाही.

मग तिकीट हातात घ्या. राज्याचं नाव आणि बोधचिन्ह हवं. बक्षीस केवळ एका अंकावर किंवा आधी जाहीर केलेल्या क्रमांकावर देता येत नाही. एका लॉटरीची आठवड्याला एकच सोडत, बंपर (मोठ्या बक्षिसाच्या) सोडती वर्षाला सहाच, सोडतीची जागा त्या राज्यातच. राज्याच्या सर्व योजना मिळून दिवसाला २४ सोडतींची मर्यादा आहे. एखादं दुकान एकाच राज्याच्या नावावर सकाळी दहा ते रात्री आठ दर पंधरा मिनिटांनी निकाल लावत असेल, तर किमान ४० सोडती झाल्या. अशा ठिकाणी पडद्यावरचा निकाल सरकारी निकालाशी ताडून पाहा. तिकिटाऐवजी हाताने आकडा लिहिलेली चिठ्ठी मिळाली, तर तो सरळ मटका आहे.

आता मुख्य काम. छापलेली तिकिटं म्हणजे विकलेली, परत आलेली आणि खराब झालेली यांची बेरीज. समजा १०,००,००० छापली. विकली ६,४०,०००, परत ३,५८,५०० आणि खराब १,५००. बेरीज जुळली. पण एवढ्यावर समाधान मानू नका. परतीची यादी *कधी* आली ते बघा. ती सोडतीआधी, क्रमांकांसह, तारीख-वेळेच्या शिक्क्यानिशी आलेली हवी. निकालानंतर यादी दिली, तर वितरकाला सोयीचा हिशेब मांडता येतो: बक्षीस लागलेलं तिकीट ‘विकलं’ म्हणून ठेवायचं, बाकीची परत. न विकलेल्या तिकिटाचं बक्षीस खरं तर सरकारकडेच राहायला हवं. ते असं वितरकाच्या खिशात जातं. नुसता ‘परत: अमुक हजार’ असा ठोक आकडा आला, तर यादी नाहीच असं समजा.

बक्षीस दिलेल्या तिकिटांतली पन्नासेक निवडून त्यांचे क्रमांक परतीच्या यादीत शोधा. एकही सापडला, तर नमुना थांबवून सगळी तिकिटं तपासायला घ्या. मग दहा हजारांवरच्या दाव्यांकडे वळा: मूळ तिकीट, मागे सही, ओळखपत्र, ३० टक्के करकपातीची नोंद. तीच ती नावं, एकाच बँक शाखेतली खाती, एकाच अक्षरातले अर्ज दिसले की खुणा करून ठेवा. दहा हजारांच्या आतली बक्षिसं दुकानातच दिली जातात आणि तिथेच हिशेब सर्वांत ढिला असतो. ‘रोख दिले’ ही नोंद पुरावा म्हणून धरू नका. रद्द केलेलं तिकीट मागा.

वितरकाने सरकारकडे पैसे भरल्याच्या चलनांची (पावत्यांची) तारीख सोडतींच्या तारखांशी लावून पाहा. सहा-सात सोडतींची रक्कम एकाच गोल आकड्यात भरलेली असेल, तर त्या काळात सरकारचा पैसा कोण वापरत होतं हे बँक विवरणात दिसतं.

आक्षेप लिहिताना योजना, सोडतीची तारीख, तिकीट क्रमांक आणि कलम ४ मधलं नेमकं उपकलम द्या. ‘अनियमितता आढळली’ एवढ्यावर काहीही होत नाही. उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, दंड किंवा दोन्ही आहेत आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आहे. म्हणून मूळ तिकिटं पंचनाम्याशिवाय हलवू नका. महाराष्ट्रात अहवाल वित्त विभागाखालच्या लॉटरी आयुक्तांकडे द्या. बोगस ऑनलाइन दुकान असेल तर त्याच दिवशी पोलिसांकडेही, कारण दुसऱ्या दिवशी संगणक जागेवर नसतो.